टोकियोत दार विचारा

टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारं आहेत. रोज लाखो माणसं तिथून ये-जा करतात. चुकीच्या दारातून वर आलात, तर समोरच दिसणारं हॉटेल गाठायला अर्धा तास लागू शकतो, कारण मध्ये रुळांची अख्खी नदी आडवी असते. माझा भाऊ त्या शहरात राहायला गेल्यापासून मी तीनदा तिथे गेले, दोनदा आईला घेऊन. निघताना ओळखीचे लोक विचारतात, काय काय पाहायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. पाहायचं काय ते नंतर ठरवू, आधी राहत्या जागेचं स्टेशन आणि त्या स्टेशनच्या दाराचा नंबर वहीत लिहून घ्या.

याचं कारण तिथल्या पत्त्यांत आहे. मोठे हमरस्ते सोडले तर टोकियोतल्या रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता असतो तो वस्तीचा: आधी प्रभाग, मग मोहल्ला, त्याचा ‘चोमे’ म्हणजे तुकडा, त्यातला ब्लॉक आणि शेवटी इमारतीचा आकडा. म्हणजे नंबर रस्त्याला नाही, रस्त्यांनी वेढलेल्या जमिनीला. तिथे जन्मलेली माणसंही नव्या ठिकाणी जाताना नकाशा उघडतात. फोन बंद पडला तर कोपऱ्यावरची पोलीस चौकी शोधायची. तिला ‘कोबान’ म्हणतात. तिथे परिसराचा मोठा नकाशा असतो आणि वाट सांगणं हे त्या पोलिसांच्या रोजच्या कामातलंच एक काम आहे. हरवलेलं पाकीट किंवा मोबाइल याच चौकीत येऊन पोहोचतो, आणि बहुतेक वेळा मालकाकडे परतही जातो.

मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यांना टोकियोच्या गाड्यांची भीती वाटू नये. आधी यामानोते ही हिरवी वर्तुळ लाइन समजून घ्या. साडेचौतीस किलोमीटर, तीस स्टेशनं, साधारण तासाभरात एक फेरी. उएनो, टोकियो, शिबुया, शिंजुकू ही सगळी तिच्यावरच. त्या वर्तुळाच्या आत-बाहेर भुयारी रेल्वेचं जाळं आहे आणि ते दोन वेगळ्या संस्थांचं: टोकियो मेट्रोच्या नऊ लाइनी, तोएइच्या चार. फलाटावर उभं राहून हा फरक कळत नाही, पण खिशाला कळतो. एका संस्थेच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत बसलं की भाडं बहुधा पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं. म्हणून नकाशावर सर्वांत जवळचा दिसणारा मार्ग स्वस्त असेलच असं नाही. सुइका किंवा पास्मो कार्ड घेतलं की तिकिटाची कटकट मिटते. तेच कार्ड बसमध्ये, दुकानात, सामानाच्या लॉकरलाही चालतं. पर्यटकांसाठीचं ‘वेलकम सुइका’ अठ्ठावीस दिवस चालतं, पण त्यात उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा थोडे थोडेच भरा.

गाडीत फोनवर बोलायचं नाही, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची आणि सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. सकाळी साडेसात ते नऊ मोठी बॅग घेऊन निघूच नये. विमानतळावरून सामान परस्पर हॉटेलात पोहोचवणारी सेवा आहे. बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी येते. वयस्क माणसं सोबत असतील तर त्या सेवेवर खर्च केलेला प्रत्येक येन मला सार्थकी लागल्यासारखा वाटतो. आणखी एक. मध्यरात्रीनंतर गाड्या थांबतात त्या पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी, आणि रात्री दहानंतर तिचं भाडं वीस टक्क्यांनी वाढलेलं असतं. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं, ओढायला जाऊ नका.

आता जेवण. आपल्यापैकी जे मासे खातात त्यांना टोकियो म्हणजे माहेर. शाकाहारी माणसाला मात्र तिथे तयारीने जावं लागतं, आणि ही तयारी नेमकी कशाची ते कोणी नीट सांगत नाही. अडचण मांसाची नाही, ‘दाशी’ची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. ट्यूनाच्या कुळातला मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवतात. त्याला कात्सुओबुशी म्हणतात. त्याच्या पापुद्र्यासारख्या किसाचा अर्क म्हणजे दाशी. ती मिसो सूपमध्ये असते, उदोन आणि सोबा नूडल्सच्या रश्श्यात असते, भाज्यांच्या तेम्पुरासोबतच्या चटणीत असते, इनारी सुशीचं टोफूचं वेष्टणही बहुधा तिच्यातच शिजलेलं असतं. वाढणारा माणूस ‘यात मांस नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. ‘निकु’ या शब्दात त्याच्या लेखी मासा येत नाही, आणि माशाचा अर्क तर त्याला मीठ-पाण्यासारखा वाटतो.

म्हणून वाक्य असं म्हणा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, मांसही खात नाही आणि मासाही. पुढे ‘दाशी’ हा शब्द उच्चारून नकारार्थी हात हलवा. त्याहून चांगलं म्हणजे हे सगळं जपानीत लिहून घेतलेलं कार्ड जवळ ठेवणं. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखी सक्तीची खूण तिथल्या पाकिटांवर नसते. अंडं, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी यांची ॲलर्जीसाठी नोंद सक्तीची आहे, पण माशाची नाही. फोनच्या कॅमेऱ्याने लेबल वाचून घ्यावं लागतं. देवळांच्या परंपरेतलं ‘शोजिन र्योरी’ हे भिक्षूंचं जेवण मात्र मुळातच शाकाहारी. महाग असलं तरी एकदा जरूर घ्यावं. एरवी कोणत्याही कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात शिजवलेल्या पांढऱ्या भाताचं पाकीट मिळतं. तो भात चिकट, गोडसर, आपल्या आंबेमोहराच्या मऊ भाताची आठवण करून देणारा. आईने दोन्ही खेपांना मेतकूट, तिळाची चटणी आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं, आणि पाचव्या दिवसापासून शेजारच्या खोलीतले लोकही तिच्याकडे चटणी मागायला येऊ लागले.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि कोणत्याही स्वरूपातलं मांस मात्र बॅगेत नको. तिथले नियम कडक आहेत. औषधांचंही तसंच. डॉक्टरांनी दिलेली औषधं साधारण महिनाभराची नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं तर ती गोळी जपानमध्ये बेकायदा ठरते. घरच्या डब्यातली पट्टी नुसती उचलून टाकू नका. विजेचा दाब शंभर व्होल्ट आणि पिना चपट्या, त्यामुळे इथली इलेक्ट्रिक किटली तिथे उपयोगाची नाही. नळाचं पाणी खुशाल प्या. पासपोर्ट सतत जवळ ठेवा, तो कायदाच आहे. टिप देऊ नका.

भूकंपाबद्दल थोडं थांबून सांगते. १ सप्टेंबर १९२३ रोजी ऐन जेवणाच्या वेळी झालेल्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगींनी टोकियो-योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक माणसं गेली. तो दिवस तिथे आजही आपत्ती-निवारण दिन म्हणून पाळला जातो. जमीन हलली तर बाहेर धावायचं नाही, टेबलाखाली डोकं झाकायचं. काचा आणि पाट्या रस्त्यावरच पडतात. लिफ्ट वापरायची नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर गाड्या बंद पडल्या आणि त्या रात्री असंख्य माणसं चालत घरी गेली. त्यामुळे आरामात चालता येईल असे बूट घाला. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११०.

जायचं केव्हा? आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये, पण २९ एप्रिलपासूनचा आठवडा टाळा. सारा जपान तेव्हाच प्रवासाला निघालेला असतो. जुलै-ऑगस्टचा दमटपणा मुंबईकराला नवा नाही, तरी थकवतो. दिवाळीनंतरचे दिवस मला सर्वांत आवडतात: कोरडी हवा, निळं आकाश आणि रस्त्याकडेला पिवळेधमक गिंको.

खिशात थोडी रोकड असू द्या. आणि हजार येनच्या नव्या नोटेवरचा चेहरा नीट पाहा. २०२४ मध्ये आलेल्या या नोटेवर शिबासाबुरो कितासातो आहेत. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू ज्या दोघांनी स्वतंत्रपणे शोधला, त्यांतले एक. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात काय घडलं ते आपण जाणतोच. आपल्याशी जुळणारा आणखी एक धागा: यामानोतेवर मेजिरो नावाचं एक शांत स्टेशन आहे. तिथून पंधरा मिनिटं चाललं की टोकियोचं महिला विद्यापीठ लागतं. त्याची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये आपल्याकडे महिला विद्यापीठ उभं राहिलं. आईने तिथे फाटकाबाहेरूनच नमस्कार केला.

घरच्या माणसांचा आवाज ऐकावासा वाटला तर तोझाई लाइनने निशी-कासाईला जा. दोन हजार सालाच्या आसपास आलेल्या संगणक अभियंत्यांमुळे तिथे भारतीय वस्ती वाढली. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक तिथल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. डाळी, पोहे, पिठं मिळतात. फक्त ‘रॅपिड’मध्ये बसू नका, ती निशी-कासाईला न थांबता पुढे निघून जाते. साधी गाडी घ्या.

आणि शेवटच्या दिवसासाठी एक जागा राखून ठेवा. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात गर्दी असतेच. तिथून सुमिदा नदीच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चाललं की एका टेकडीवर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. शोदेन म्हणजे कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती कोणालाही दाखवत नाहीत, ती कायम पडद्याआड. देवळाच्या दगडांवर, कंदिलांवर सगळीकडे मुळे कोरलेले दिसतील, कारण इथला नैवेद्य मोदकांचा नसून मुळ्याचा असतो. मुळा देवळातच विकत मिळतो. ७ जानेवारीच्या उत्सवात शिजवलेला मुळा लोकांना वाटतात. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. आईने एक पांढराशुभ्र, हातभर लांब मुळा घेतला, दोन्ही हातांनी पडद्यासमोर ठेवला आणि हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या जपानी आजी तिचं संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.