पट्ट्यावरचा खडा

भाच्याच्या गॅरेजात, आपण जिथे कॅलेंडर लावू त्या जागी, एक काळा दातेरी पट्टा खिळ्याला अडकवलेला आहे. गॅरेज अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहराबाहेर. पट्टा त्याच्या तीनचाकी मोटारसायकलचा, म्हणजे तिकडच्या भाषेत ट्राइकचा. रुंदी इंच-सव्वा इंच. लांबून पाहिला तर नवाच वाटतो.

"मामा, नुसतं बघू नकोस, आतून बोट फिरव," तो म्हणाला.

फिरवलं. दाते गुळगुळीत, एकासारखा एक. पाऊणएक पट्टा फिरून झाल्यावर बोट अडखळलं. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत, अगदी कडेला, तुरीच्या दाण्याएवढं भोक होतं आणि त्याच्या तोंडाशी पिवळसर तंतू पिंजारलेले होते. एवढंच. एका खड्याने केलेलं काम. त्यासाठी पट्टा बदलावा लागला आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली.

मोटारसायकलला पट्टा म्हटलं की आपल्या माणसाच्या भुवया उंचावतात. पट्टा गिरणीला. पीठ दळताना फटफट आवाज करणारा, मधूनच सुटणारा, गिरणीवाला राळ लावून परत चढवणारा. मोटारसायकलला चेन. पण दुचाकीची सुरुवात पट्ट्यानेच झाली. हार्ले-डेव्हिडसनच्या १९०३ नंतरच्या पहिल्या गाड्या चामड्याच्या पट्ट्यावर चालत. पाऊस पडला की तो पट्टा पुलीवरून घसरायचा, आणि इंजिन फिरतंय पण गाडी जागची हलत नाही असा प्रकार व्हायचा. मग चेन आली आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं तिचंच राज्य राहिलं.

पट्टा परत आला तो दाते घेऊन. दातेरी पट्टा १९४०च्या दशकात रिचर्ड केस नावाच्या इंजिनिअरने काढला, आणि तो आधी सिंगरच्या शिलाई मशिनात फिरू लागला. दात्यांमुळे घसरण्याचा प्रश्न संपला, पण मोटारसायकलच्या ओढीला टिकेल असा दोर त्याच्या पोटात नव्हता. तो मिळाला केवलरमुळे. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाई टायरसाठी हलका पण दणकट धागा शोधत होत्या. १९६५ साली त्यांच्या हाती जे लागलं ते वजनाला वजन तोललं तर पोलादाच्या पाचपट ताकदीचं निघालं. डेन्व्हरच्याच गेट्स कंपनीने असा धागा घातलेले दातेरी पट्टे बनवले आणि १९८० साली हार्लेने 'स्टर्जिस' नावाची गाडी काढली. तिच्यात इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंत एक आणि तिथून मागच्या चाकापर्यंत दुसरा, असे दोन्ही पट्टेच होते. तेल नको, चेन ताणायची कटकट नको, पायजम्याला काळे डाग नकोत. पुढच्या दहा-बारा वर्षांत हार्लेच्या बहुतेक गाड्यांची चेन गेली. आपल्याकडेही हरियाणात बावलला जोडली जाणारी त्यांची स्ट्रीट ७५० पट्ट्यावरच चालायची, आणि आज पुण्याच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या एथर स्कूटरचं मागचं चाकही दातेरी पट्टाच ओढतो.

ट्राइक त्यामानाने उशिरा पट्ट्यावर आली. हार्लेची जुनी तीनचाकी सर्व्ही-कार १९३२ ते १९७३ अशी चाळीस वर्षं निघत होती. पोलीस ती वापरायचे. पण ती चेनवर चालायची. पट्ट्यावरची ट्राय ग्लाइड आली २००९च्या मॉडेलवर्षात, आणि सुरुवातीला तिची जोडणी होत होती साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावी, लेहमन कंपनीत. तिथून स्टर्जिस तीसेक किलोमीटर. १९३८ पासून दर ऑगस्टला मोटारसायकलींची जत्रा भरते ते हे स्टर्जिस, आणि १९८०च्या त्या पट्टेवाल्या गाडीला याच गावाचं नाव दिलेलं. कॅनडात क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्टहून २००७ साली कॅन-अॅम स्पायडर निघाली आणि २०१४ साली पोलारिसची स्लिंगशॉट. या दोघींना पुढे दोन चाकं आणि मागे एक. पट्टा मात्र तिघींनाही.

आता प्रश्न असा की दुचाकीवर लाखभर किलोमीटर सुखाने जाणारा हा पट्टा तीन चाकांवर आला की खड्यांना एवढा का घाबरतो?

ज्याने रिक्षातून प्रवास केलाय त्याला अर्धं उत्तर माहीत आहे. रिक्षावाला पुढचं चाक खड्ड्यातून मोठ्या कसबाने वाचवतो आणि त्याच क्षणी मागचं डावं चाक त्यात आदळतं. दुचाकीचा माग एक, मोटारीचे दोन, रिक्षाचे आणि ट्राइकचे तीन. तीन मागांतून खडा चुकवणं कोणालाच जमत नाही. उरलेलं अर्धं उत्तर रस्त्यात आहे. एका लेनमधून हजारो मोटारी जातात तेव्हा त्यांची चाकं दोन पट्टे घासून स्वच्छ ठेवतात. मधली पट्टी मात्र कोणी झाडत नाही. इंजिनांतून गळलेलं तेल तिथे, टायरनी उडवलेली कच तिथे, कोलोरॅडोत हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू आणि बारीक खडी तिथेच, उन्हाळा उजाडेपर्यंत. दुचाकीवाला ही पट्टी टाळून मोटारीच्या मागावरून जातो. ट्राइकवाल्याला तसं करता येत नाही. त्याची दोन मागची चाकं स्वच्छ मागांवर असतात आणि पुढचं एकटं चाक बरोबर त्या कचऱ्यातून जातं. ते जे उडवतं ते पोटाखालून मागे जातं, आणि मागे पट्टा आहे. स्पायडरची मांडणी उलट, पण नशीब तेच: तिचं एकटं मागचं चाक मधल्या पट्टीवरून चालतं, आणि पट्टा त्याला खेटून.

पण उडालेला खडा पट्ट्याच्या पाठीवर टणकन आपटला तर फारसं काही होत नाही. रबर-पॉलियुरेथेनची पाठ जाड असते. घात करतो तो आतल्या बाजूला पडलेला खडा. भाच्याने मला हे समजवायला मागचं चाक जॅकवर उचलून हाताने पुढच्या दिशेने हळू फिरवलं. पट्ट्याचे दोन पदर: वरचा मागच्या पुलीकडून पुढे इंजिनाकडे सरकतो, खालचा इंजिनाकडून मागे. खालच्या पदराची दातेरी बाजू वर, आकाशाकडे तोंड करून. म्हणजे ती एक ताटलीच झाली. खडा तिच्यावर पडला की बसून राहतो आणि आरामात मागे मागे जात पट्टा आणि पुली यांच्या चिमटीत शिरतो. तिथे वाट नाही. पट्टा ताणलेला, पुली धातूची. खड्यालाच जागा करून घ्यावी लागते आणि ती तो पट्ट्याच्या पोटात करतो.

केवलरचा एक दोष इथे भोवतो. ओढ सोसण्यात त्याला तोड नाही, पण दुमडणं आणि चेचणं त्याला सोसत नाही. म्हणूनच नवा पट्टा छोट्या वेटोळ्यात गुंडाळू नका, उलटा वाकवू नका, अशी सूचना असते. (खिळ्यावर टांगणं हे याच पापात मोडतं. भाच्याचा तो पट्टा बाद झालेला, म्हणून चाललं.) हार्लेच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पट्ट्याच्या दुखण्यांची यादी आहे आणि ती वाचताना जुन्या वैद्याची आठवण येते. दात्यात केसाएवढी चीर: चालू द्या, लक्ष ठेवा. कडेचे तंतू पिंजारले: चालू द्या, लक्ष ठेवा. दाता गळाला: बदला. खड्याचं भोक: कडेला असेल तर बदला. कडेच्या भोकातून चीर आडवी धावते, म्हणून.

बदलणं सोपं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. चेनला जोड-कडी असते, ती काढली की चेन हातात. दातेरी पट्ट्याला सांधा नाही, तो अखंड वेटोळं आहे, आणि मोठ्या हार्लेमध्ये ते वेटोळं गाडीच्या अंगातून ओवलेलं असतं. डाव्या बाजूचं प्रायमरी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग, खोला, मागचा सांगाडा ढिला करा, मग पट्टा. ट्राइकला त्यात मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शिअलची भर. लांबच्या प्रवासाला काही जण पिनांनी सांधता येणारा आपत्कालीन पट्टा डिकीत ठेवतात. घरापर्यंत पोचवला तरी पुष्कळ.

म्हणून ट्राइकवाले गार्ड लावतात. भाच्यानेही लावलं होतं, आणि गंमत इथेच आहे. भिंतीवरच्या पट्ट्याला ते भोक पडलं ते गार्ड लावल्यानंतर.

पहिलं गार्ड त्याने स्वतः केलं होतं. दोन मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमचा पत्रा, चारी बाजूंनी वाकवून खालच्या पदराला पेटीसारखा बंद केलेला. कडा घासलेल्या, बोल्टला रबरी वायसर, काम बघत राहावं असं. दोन महिने त्याला वाटलं, प्रश्न सुटला. पण पेटी खालून बंद असली तरी मागून चाकाकडे उघडी होती. तिथून खडे आत यायचे आणि आत आलेल्याला बाहेरचा रस्ता नव्हता. पत्र्याच्या तळाशी ते वळवळत राहायचे, खड्ड्यात गाडी आपटली की उसळायचे, आणि त्यातला एखादा पट्ट्यावर. उघडा पट्टा रोज चार खडे खाली सांडत होता. बंद पट्ट्याने ते साठवले.

हे ऐकताना मला आमच्या गावाबाहेरचा खडी क्रशर आठवला. कन्व्हेयरचा पट्टा वरून खडी नेतो आणि खालून रिकामा परततो. या परतीच्या पदराच्या आतल्या अंगावर एखादा दगड पडला तर तो शेपटीच्या ड्रममध्ये जाऊन पट्टा फाडणार. म्हणून ड्रमच्या जरा अलीकडे इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा एक नांगर पट्ट्यावर ठेवलेला असतो. दगड आला की तो त्याला बाजूला लोटतो. क्रशरवाल्याने पट्टा झाकलेला नसतो. दगड पडणार हे त्याने मान्यच केलेलं असतं, आणि तो कुठून बाहेर जाईल एवढंच त्याने ठरवून ठेवलेलं असतं.

मी क्रशरचं वर्णन करत असताना भाचा हसायला लागला. मग वाकून त्याने गाडीवरचं दुसरं गार्ड दाखवलं. पुढचा भाग घट्ट, पुढच्या चाकाचा मारा अडवणारा. खाली मात्र लांब फट. पट्ट्यापासून चांगलं बोटभर अंतर, कारण वेग कमी-जास्त झाला की खालचा पदर लपलपतो आणि जवळचा पत्रा त्याला घासतो. मागच्या पुलीच्या अलीकडे रबराची एक तिरकी जीभ, दात्यांच्या शेंड्यांवरून दोन-तीन मिलिमीटर वर. शेंड्यावर बसलेला खडा ती बाजूला ढकलते आणि तो फटीतून खाली पडतो. दोन दात्यांच्या खाचेत रुतलेल्या बारीक कचीचं ती काही करू शकत नाही. तिच्यासाठी तो दर रविवारी चाक फिरवत आतून बोट फिरवतो. तेल-ग्रीस काही लावत नाही, कारण चिकट पट्टा कच धरून ठेवतो.

एक भानगड मात्र या जिभेलाही सुटलेली नाही. ट्राइक जड, पायाने ढकलून मागे नेणं कठीण, म्हणून तिला रिव्हर्स असतो. मागे जाताना पट्टा उलटा फिरतो. तेव्हा खालचा पदर पुढे, इंजिनाकडच्या लहान पुलीकडे सरकतो, आणि तिथे जीभ नाही. भाच्याच्या घरापुढचा रस्ता खडीचा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," तो म्हणाला, "संध्याकाळी गाडी आत घेताना तोंड बाहेर करूनच लावतो. मागे जायचं ते इथे, फरशीवर."

गॅरेजच्या दारातली दहाएक फूट जागा त्याने झाडून लख्ख ठेवली होती. कोपऱ्यात खराटा उभा होता, भारतातून नेलेला.