ओढीचें ओझें आणि डिझेलचा खर्च

कापसाची वेचणी व उसाची तोड सुरू झाली, कीं आमच्या सभासद बंधूंकडून एक प्रश्न हटकून येतो: ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर लिटरला किती किलोमीटर चालावयास पाहिजे? शेजाऱ्याचा पांच जातो आणि आपला तीनच, तेव्हां इंजिनांत कांहीं खोट असावी असें वाटूं लागतें. मग मिस्त्रीकडे खेप होते, पंप व नोझल उघडले जातात, पैसे जातात, आणि डिझेलचा खर्च मात्र होता तेथेंच राहतो. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्नच अपुरा आहे. डिझेल एकटें इंजिन जाळीत नाहीं. मागचें ओझें, खालची वाट, चाकें आणि हांकणाराचा हात यांचाही त्यांत वांटा असतो. या वांट्यांचा हिशोब शेतकऱ्यास घरच्या घरीं करतां यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

एका लिटरांत काम किती?

एक किलो वजन एक मीटर उंच उचलण्यास जें काम लागतें, तें आपण एक माप धरूं. एक लिटर डिझेल पूर्ण जळलें, तर त्यांतील उष्णता सुमारें ३६ लाख मापांइतकी भरते. ती सगळी कामीं येत नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाच्या इंजिनाची १८९७ सालीं परीक्षा झाली, तेव्हां उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग कामास लागला, आणि वाफेच्या इंजिनांपुढें तेंही मोठें नवल ठरलें. आजच्या ट्रॅक्टरचें इंजिन भरपूर भारावर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पोंचतें. बाकीची उष्णता धुराड्यांतून व रेडिएटरमधून निघून जाते. पुढें गिअर व टायर आपला वांटा घेतात. शेवटीं ओढीच्या कामास लिटरमागें सुमारें ८ लाख मापें उरतात असें धरण्यास हरकत नाहीं. ही आपली पुंजी. ती कोठें खर्च होते तें आतां पाहूं.

वाटेचा हिशोब

समजा, ट्रॅक्टर २० क्विंटलांचा, रिकामी ट्रॉली १५ क्विंटलांची आणि माल ४० क्विंटल. एकूण ७५ क्विंटल, म्हणजे ७,५०० किलो. हें वजन चाकांवर ढकलीत नेण्यास किती जोर लागेल, तें वाटेवर अवलंबून असतें. चांगल्या डांबरी रस्त्यावर वजनाच्या शेंकडा २ च्या सुमारास जोर लागतो, म्हणजे १५० किलो. वाळलेल्या गाडीवाटेवर शेंकडा ५, म्हणजे ३७५ किलो. ओल्या काळ्या जमिनींत शेंकडा १५ किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे १,१२५ किलो.

एका किलोमीटरांत १,००० मीटर. तेव्हां डांबरी रस्त्यावर किलोमीटरला दीड लाख मापें लागलीं, आणि आठ लाखांच्या पुंजींत ट्रॅक्टर पांच किलोमीटरांहून थोडा अधिक गेला. गाडीवाटेवर तोच ट्रॅक्टर दोन किलोमीटरांच्या आसपास जाईल, आणि चिखलांत पाऊण किलोमीटरही जाणार नाहीं. त्यांतही चाक जागच्या जागीं फिरूं लागलें, तर तेवढें डिझेल फुकटच गेलें. इंजिन तेंच, हांकणारा तोच. बदलली ती वाट.

परभणी जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हा हिशोब विशेष लागू पडतो. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठची भारी काळी जमीन पिकास जितकी उदार, तितकीच पावसानंतर चाकास कृपण. अर्धा किलोमीटर चिखलाची पाणंद तुडविणें म्हणजे पावणेचार किलोमीटर डांबरी रस्ता चालण्याइतकें डिझेल जाळणें होय. म्हणून वापसा येईपर्यंत थांबतां येत असेल तर थांबावें. घाईच असेल, तर माल थोडा थोडा करून सडकेपर्यंत आणावा व तेथें ट्रॉली भरावी. खरा उपाय मात्र पाणंदीवर खडी-मुरूम पडण्याचा आहे. राज्य सरकारनें २०२१ सालीं मातोश्री ग्रामसमृद्धि शेत व पाणंद रस्ते योजना जाहीर केली, ती हीच अडचण ओळखून. ज्या गांवीं बांधाच्या भांडणापायीं असा रस्ता अडून राहतो, तेथील प्रत्येक शेतकरी दरवर्षीं त्या भांडणाचा दंड डिझेलच्या रूपानें भरीत असतो.

चढाचाही हिशोब असाच आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यांत अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटाचे. वीस मीटर चालतांना एक मीटर चढावें लागलें, तर वजनाच्या शेंकडा ५ इतका जोर वाढतो. म्हणजे डांबरी रस्त्यावरही १५० किलोंच्या जागीं ५२५ किलो ओढ झाली, व लिटर दीड किलोमीटरांत संपलें. तेव्हां सपाट भागांतील पाहुण्याच्या आंकड्यावरून डोंगराकडील शेतकऱ्यानें आपल्या यंत्रास दोष देऊं नये.

वाऱ्याचा वांटा

युरोपांत पुष्कळ कुटुंबें सुटींत मोटारीमागें चाकांवरचें लहान घर जोडून हिंडतात. त्यास कॅरव्हॅन म्हणतात. एरवीं काटकसरीची असलेली डिझेल मोटारही तें घर जोडलें म्हणजे बरेंच अधिक डिझेल पिते. तेथें चिखल नसतो. मुख्य वैरी वारा असतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो. ताशीं ८० किलोमीटरांवरून १०० वर गेलें, कीं तो दीडपटीहून अधिक होतो. ट्रॅक्टर ताशीं वीस किलोमीटरांनीं चालतो, त्यास हा वांटा नगण्य आहे. परंतु जीपनें किंवा टेंपोनें मोकळा कापूस उंच रचून नेणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. कापूस वजनानें हलका असला, तरी ती उंच रास कॅरव्हॅनच्या भिंतीप्रमाणेंच वारा अडविते. रास आवळून बांधावी, वर ताडपत्री ताणावी आणि वेग आवरावा.

चाक, भार व गिअर

टायरांत हवा कमी असली, कीं टायर चेपतो आणि ओढ वाढते. शेतांत हवा थोडी कमी ठेवल्यास ट्रॅक्टरच्या चाकास पकड मिळते, हें खरें. परंतु सडकेवर येतांच ती टायर बनविणाराच्या सूचनेप्रमाणें पुरी भरावी. ट्रॅक्टरची हवा पाहणारे पुष्कळ, ट्रॉलीची पाहणारे थोडे. ट्रॉलीचें चाक जॅकवर उचलून हातानें फिरवून पहावें. तें जड फिरत असेल, तर बेअरिंगांत ग्रीस भरण्याचें दोन घटकांचें काम अनेक लिटर वांचवील.

भार कसा ठेवावा, हें बैलगाडी हांकणारास शिकवावयास नको. मागें भार अधिक झाला म्हणजे गाडी उलाळते, पुढें अधिक झाला म्हणजे बैलांच्या मानेवर येतो. दोन चाकी ट्रॉलींत भार आंसाच्या किंचित् पुढें असावा; त्यानें ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांस पकड मिळते. तो फार पुढें आला, तर चढावर ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें उचलूं लागतात आणि सुकाणूं निकामी होतें. कॅरव्हॅनवाले याच कारणासाठीं एकूण वजनाच्या शेंकडा ५ ते ७ इतकाच भार मोटारीच्या हुकावर ठेवतात.

सपाटीवर वरचा गिअर व कमी थ्रॉटल हा नियम ठेवावा, कारण माफक भार असलेलें इंजिन त्याच कामास कमी डिझेल घेतें. मात्र इंजिन कण्हूं लागलें किंवा काळा धूर निघूं लागला, तर गिअर उतरवावा. काळा धूर म्हणजे अर्धवट जळून वायां गेलेलें डिझेल. हवेची गाळणी धुळीनें भरली तरी असाच धूर येतो. बाजारांत मापाची वाट पाहतांना इंजिन बंद ठेवावें. उभें इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर पिते.

उतारावरची खोटी काटकसर

आतां एका घातक समजुतीविषयीं. उतार लागला, कीं कित्येक चालक गिअर न्यूट्रल करतात व डिझेल वांचलें असें समजतात. गिअरमध्यें असतांना थ्रॉटल सोडला, म्हणजे चाकेंच इंजिनास फिरवितात, आणि तें मंद गतीहून जलद फिरत आहे तोंवर गव्हर्नर डिझेल बंद ठेवतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन मंद गतीनें चालूं राहून डिझेल पीतच असतें. म्हणजे बचत नाहींच, आणि इंजिनाचा रोध मात्र गेला. मागें ५५ क्विंटलांची ट्रॉली, तिला बहुधा ब्रेक नाहीं, आणि पुढें २० क्विंटलांचा ट्रॅक्टर. अशा वेळीं ट्रॉली ट्रॅक्टरास आडवा पाडते. ज्या गिअरमध्यें चढ चढाल, त्याच गिअरमध्यें उतार उतरा. सडकेवर डाव्या-उजव्या ब्रेकचे पाय एकमेकांस कडीनें जोडलेले असावेत; एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर एका अंगास वळतो. चार लिटर डिझेलासाठीं घरचा माणूस पणास लावणें याला काटकसर म्हणत नाहींत.

वही ठेवा

शेवटीं मापाविषयीं. किलोमीटर मोजण्याऐवजीं, माल पोंचविण्यास क्विंटलमागें किती लिटर लागलें, तें मोजावें. टांकी कांठोकांठ भरून निघावें, परत येऊन पुन्हां तितकीच भरावी. जेवढें डिझेल मावलें, तेवढा त्या खेपेचा खर्च. वहींत तारीख, माल, वाट, लिटर व क्विंटल एवढेच रकाने पुरेत. मग एक गोष्ट दिसून येईल. परतीची रिकामी खेप ३५ क्विंटल ओढीत येते, म्हणजे भरल्या खेपेच्या जवळजवळ निम्में. हलक्या भारावर इंजिनाची कसर वाढत असल्यामुळें तिचा खर्च निम्म्याहूनही अधिक पडतो. ती खेप खत, पेंड किंवा शेजाऱ्याचा माल भरून आणली, तर दोघांचाही खर्च उतरतो.

नवा ट्रॅक्टर घेणारांनीं विक्रेत्याच्या शब्दावर न राहतां मध्यप्रदेशांतील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेचा परीक्षा-अहवाल मागावा. ही संस्था १९५५ सालीं स्थापन झाली. ठराविक कामास किती डिझेल लागतें, तें त्या अहवालांत दिलेलें असतें. परंतु नव्या यंत्राचा विचार करण्यापूर्वीं जुन्याची वही एक हंगाम ठेवून पहा. खोट इंजिनांत आहे कीं पाणंदींत, हवेंत आहे कीं हातांत, तें वहीच सांगेल. ज्या सभासदांनीं अशी वही ठेविली असेल, त्यांनीं आपले आंकडे आमच्याकडे अवश्य पाठवावेत. इतर बंधूंस ते उपयोगी पडतील.