दारू सोडविणारी पुडी आणि कायद्याने दिलेला हक्क

'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा!' वैजापूर तालुक्यातच काय, मराठवाड्यात कुठेही भिंतींवर अशा जाहिराती दिसतात. पुडी घेणारी बहुधा बायको नाहीतर आई असते. मजुरीचे पैसे पदराच्या गाठीतून सुटतात आणि पुडी भाजीत कालवली जाते. त्या माउलीला आम्ही अडाणी म्हणणार नाही. तिला दुसरा रस्ता कुणी दाखवला?

मग झाडपाल्यात काहीच नाही का? आहे. चीनमध्ये कुड्झू वेलीचा वापर दारूवर पूर्वापार होत आला. १९९३ मध्ये हार्वर्डच्या किऊंग व व्हॅली यांनी या वेलीतले डेडझिन हे द्रव्य हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांना दिले, तेव्हा त्यांचे दारू पिणे घटले. २००५ मध्ये अमेरिकेतच १४ पिणाऱ्यांवर छोटा प्रयोग झाला. अर्क घेतल्यावर ते बिअर कमी प्यायले. पण २००० साली ३८ व्यसनी रुग्णांना हाच अर्क महिनाभर दिला, तेव्हा खोट्या गोळीपेक्षा तो सरस ठरला नव्हता. आपला विदारीकंद म्हणजे भुईकोहळा या वेलीचा भाऊबंद. म्हणून त्याच्या चूर्णाने दारू सुटते, असे छातीठोक सांगायला आधार मिळत नाही.

उलट नाल्ट्रेक्सोन बघा. अफूतल्या थेबाइन या द्रव्यावर प्रक्रिया करून ते बनवता येते. अमेरिकेत १९९४ साली दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली. त्याची मात्रा ठरलेली आहे, दुष्परिणाम लिहिलेले आहेत, ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. मुळात वनस्पतीच, पण तपासून घेतलेली!

निनावी पुडीत काय असते? डायसल्फिरामची गोळी कुटून घातली असेल आणि नवरा वरून प्याला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तरी झटके येतात, भ्रम होतो. हे काम दवाखान्याचे आहे, भाजीच्या पातेल्याचे नव्हे.

औषधाबद्दल खोटा दावा करणारी जाहिरात हा १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक व परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे. तरी भिंती रंगतातच!

बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती मोडणाऱ्या भावाला वस्तीत टोमणे मारणारे पुष्कळ, घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात नेणारे थोडे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारूच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी संस्थेत हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

वैजापूरच्या सरकारी रुग्णालयात नाल्ट्रेक्सोन आहे का, समुपदेशक किती दिवस बसतो, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.