शिक्षकांचा श्रमपरिहार आणि अध्यापनक्षमता : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

सुटी मिळणे आणि श्रमपरिहार होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. मेइमन व मुल्डर या डच संशोधकांनी १९९८ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, कामाने शरीरमनावर आलेला ताण काम थांबल्यावर ओसरतो. तो पुरता ओसरण्यापूर्वीच नवे काम आल्यास तेवढ्याच कार्यासाठी अधिक प्रयास पडतात आणि थकवा साचत जातो. झोनेंटाग व फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये श्रमपरिहाराची चार अंगे मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली. कामापासून मनाची अलिप्तता, शिथिलता, कामाबाहेरील एखाद्या विद्येत वा कलेत प्रावीण्य मिळविणे आणि मोकळ्या वेळेवरील स्वामित्व, ही ती अंगे होत.

या उपपत्तीचा प्रत्यय हिंगोलीसारख्या ग्रामीण जिल्ह्यात कसा येतो, हे पाहण्याजोगे आहे. परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके आहेत. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार जिल्हा परिषदेच्या शाळांवर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. अशा शाळेत प्रत्येकास एकाहून अधिक वर्ग सांभाळावे लागतात. एक जण बाहेर गेला की सर्व वर्ग दुसऱ्यावर येतात.

त्याच अधिनियमाचे कलम २७ जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अन्य शिक्षणेतर कामांस मनाई करते. निवडणुकीचे काम शिक्षकांना सामान्यतः सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले. विद्यार्थ्यांच्या तासांचे रक्षण करणारा हा निर्णय योग्यच होय. मात्र वाचविलेल्या तासांचे मोल शिक्षकाच्या विश्रांतीतून चुकते होते. २०२४ मध्ये हिंगोलीत २६ एप्रिलला लोकसभेसाठी व २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले. पहिले उन्हाळी सुटीच्या तोंडावर आले, तर दुसरे लक्ष्मीपूजनानंतर १९ दिवसांनी. प्रशिक्षण व साहित्यवाटप यांचे दिवस त्याआधीचे. अशा वेळी शिक्षक वर्गात नसला, तरी अलिप्तता आणि वेळेवरील स्वामित्व ही दोन अंगे त्याच्या हाती राहत नाहीत.

झोनेंटाग यांनी २०१८ मध्ये दाखविलेली विसंगती येथे लक्षात घ्यावी लागते : ताण जितका अधिक, तितकी श्रमपरिहाराची गरज मोठी आणि तितकेच तो साधणे कठीण. म्हणून थकलेल्या शिक्षकास केवळ ‘मन प्रसन्न ठेवा’ असा उपदेश करणे निष्फळ ठरते. अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस व ८०० तास, तसेच शिक्षकासाठी पूर्वतयारीसह आठवड्याचे ४५ तास निश्चित केले आहेत. विश्रांतीचे मान मात्र त्यात नाही. नेमणुकीची पूर्वसूचना वेळेवर देणे, खर्ची पडलेल्या सुटीच्या बदल्यात निश्चित दिवस देणे आणि त्या दिवशी शाळेची माहिती न मागविणे, हे उपाय साधे आहेत. दोनशिक्षकी शाळेत मात्र तो दिवस देताना बदली शिक्षकाची योजना हवी. अन्यथा एकाचा श्रमपरिहार दुसऱ्याचा श्रम ठरेल.