शिपाईदादांची नोंद



संगणक कक्षातील रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कार्डावर 'डीटीबी' या अक्षरांनी संपणारी एक फाइल असते. ती कशासाठी, असे नववीच्या मुलांनी विचारले. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

वर्गावर्गांत सूचनावही पोहोचविण्याचे काम शिपाईदादा करतात. तेच काम प्राचार्य करू लागले तर शाळा कोण चालविणार? संगणकात प्रोसेसर हा प्राचार्य आणि 'डीएमए कंट्रोलर' हा शिपाई. ध्वनीसारखी माहिती तो मेमरीतून उपकरणापर्यंत परस्पर नेतो आणि काम झाले की इंटरप्ट देऊन कळवितो.

परंतु हा शिपाई कोठे बसतो, हे लिनक्सला आपोआप कळत नाही. ते 'डिव्हाइस ट्री' या लेखी वर्णनात सांगावे लागते. त्या वर्णनाचे यंत्राला वाचता येणारे रूप म्हणजे डीटीबी. 2012 साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमधील 'बीसीएम 2835' या चिपच्या वर्णनात मुख्य नोंदी अशा आहेत :

1) कम्पॅटिबल : कंट्रोलर कोणत्या जातीचा. यावरून योग्य ड्रायव्हर निवडला जातो.

2) रेग : पत्ता व जागा. प्रत्येक वाहिनीस 256 बाइट, म्हणून 15 वाहिन्यांस 3840 बाइट. सोळावी वाहिनी दुसऱ्या पत्त्यावर आहे.

3) इंटरप्ट्स : कोणत्या वाहिनीची घंटा कोणती.

4) डीएमए-सेल्स : येथे 1. म्हणजे सेवा मागणाऱ्या उपकरणाने एक क्रमांक द्यावा. ध्वनीचा भाग पाठविण्यासाठी 2 व घेण्यासाठी 3 देतो. हे मागणीचे क्रमांक आहेत, वाहिनीचे नव्हेत.

5) चॅनल-मास्क : लिनक्सने कोणत्या वाहिन्या वापराव्यात. लिनक्सच्या मूळ फाइलीत 16 पैकी 11 वाहिन्यांनाच परवानगी आहे, कारण काही वाहिन्या चिपचे फर्मवेअर स्वतः वापरते.

खरा धोका या पाचव्या नोंदीत आहे. फर्मवेअरची वाहिनी चुकून मोकळी लिहिली, तर एकाच शिपायाला दोघे हुकूम देतील आणि माहितीची सरमिसळ होईल. गंमत अशी की डीटीबी तयार करणारा प्रोग्राम ही चूक पकडत नाही. तो व्याकरण तपासतो, खरेखोटे नाही. म्हणून चिपची माहितीपुस्तिका समोर ठेवूनच नोंद करावी.

पालकांनाही एक विनंती. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरचे असेच आहे. प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख चुकीची लिहिली, तर तीच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर येते. तेव्हा अर्ज भरताना मूळ दाखला समोर असू द्यावा.