पाळणाघराचा खर्च आणि आपला कापडधंदा

धुळ्याचे यंत्रमाग असोत की जळगावची कापडपेठ, आपला धंदा घरोघरी काम करणाऱ्या बायांच्या हातांवर उभा आहे. कांड्या भरणे, फॉल-पिको, परकर शिवणे ही कामे नगावर दिली जातात. लग्नसराईत किंवा ईदच्या तोंडावर माल वेळेत आला नाही की बाजारात दोष बाईला दिला जातो. तान्हे मूल सांभाळायला कोणी नसेल तर मशीन चालणार कशी, ही बाब मात्र कोणत्याही खातेवहीत नसते.

या कामी सरकारी पैसा नवा नाही. ताराबाई मोदक यांनी 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले व त्यातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. आपल्या राज्यात धारणी आणि धारावी येथून आरंभ झाला.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशेब पाहू. 2017 साली पूरक आहाराचा दर एका मुलामागे रोज 8 रुपये ठरला. त्यात निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. वर्षाचे 300 दिवस धरले तर 2,400 रुपये होतात. 8 रुपयांत बाजारात काय मिळते, हे वाचकांना सांगायला नको. शिवाय अंगणवाडी काही तासच भरते आणि तीन वर्षांखालील मुलांना आहार घरपोच मिळतो. दिवसभर राबणाऱ्या आईची अडचण तशीच राहते.

2017 च्या कायदेदुरुस्तीने 50 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती आली. परंतु पाच-दहा माणसांची यंत्रमागाची शेड किंवा घरातले शिलाईकाम त्यात बसत नाही. एकटा छोटा मालक हा खर्च पेलू शकत नाही. म्हणून येथे सरकारनेच पुढे यावयास हवे. 2022 पासूनच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येते. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांची सोय होते आणि खर्चात केंद्राचे 60 टक्के व राज्याचे 40 टक्के असतात. राज्याने 40 रुपये घातले तर केंद्राचे 60 येतात. असा सौदा कोणता शहाणा व्यापारी सोडील?

आमची व्यापारी बांधवांना विनंती आहे की, दोन्ही शहरांतील संघटनांनी यंत्रमाग व शिलाईकाम चालणाऱ्या मोहल्ल्यांची यादी करून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे लेखी मागणी करावी. जागा, पाणी व पंखे यांची सोय आपण करू शकतो. सेविकेचे मानधन आणि आहार ही सरकारची जबाबदारी आहे. मूल सुरक्षित असेल तर आईला दोन नग जास्त शिवता येतील आणि तेच मूल उद्या पहिलीत बसताना मागे पडणार नाही.