ओळख होण्याआधीची मैत्री

वय वाढतं तसा बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांचा किंचित वर चढतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांचे स्वरतंतू जाड होतात, तर उतारवयात पुरुषांचे पातळ होत जातात. आयुष्यभर बऱ्याच अंतरावर राहिलेले दोन आवाज असे म्हातारपणी एकमेकांकडे सरकू लागतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विलक्षण वाटलं. ज्येष्ठ नागरिक संघाच्या भजनाच्या सरावाला बसून पाहा. पुरुष म्हणतात काळी एक, बायका म्हणतात काळी चार, पेटीवाले मधल्या पट्ट्या चाचपून पाहतात. तोवर कुणी खडीसाखर तोंडात टाकतं, कुणी मोठ्या अक्षरात लिहिलेली वही डोळ्यांपासून हातभर लांब धरतं. मग एखादी पट्टी सगळ्यांना मानवते आणि वीस-पंचवीस माणसं एका दमात मुखडा उचलतात. यातली निम्मी एकमेकांना धड ओळखतही नसतात.

त्या क्षणी शरीरात आणि मनात काय घडतं, याचा गेल्या काही वर्षांत कसून अभ्यास झाला आहे.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या 12 ज्येष्ठ नागरिक केंद्रांत ज्युलीन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायकवृंद उभे केले. साठीच्या पुढची 390 माणसं त्यात होती. वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या भाषा बोलणारी. काही केंद्रांत गाणं लगेच सुरू झालं, उरलेल्यांना सहा महिने थांबायला सांगितलं, म्हणजे तुलना करता यावी. आठवड्यातून एकदा दीड तास सराव आणि अधूनमधून लोकांसमोर कार्यक्रम. 2018 साली निष्कर्ष आले. गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला होता आणि आयुष्यातला रस वाढला होता. स्मरणशक्तीत किंवा पायांच्या ताकदीत मात्र म्हणावा असा फरक पडला नव्हता. हा निकाल मला म्हणूनच भरवशाचा वाटतो. गाण्याने सगळंच बरं होतं असा दावा त्यात नाही. म्हातारपणी ज्याचं औषध दुकानात मिळत नाही, नेमकं तेच सहा महिन्यांत हललं.

पण एकटेपणा तर कुठल्याही वर्गात चार माणसं भेटली की कमी होईल, मग गाणंच का? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हे तपासलं. प्रौढांसाठीचे काही नवे वर्ग त्यांनी सात महिने न्याहाळले. काहींत गाणं, काहींत हस्तकला, एकात लेखन. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं की सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली जवळीक साधारण सारखी झाली होती. फरक होता तो सुरुवातीला. गाण्याच्या वर्गातली माणसं पहिल्या महिन्यातच एकमेकांची झाली होती. विणकाम करताना शेजारणीशी बोलत बोलत, एकेकीशी ओळख होत जाते. गाण्यात मात्र नाव-गाव विचारायच्या आधीच सगळा गट एकदम जवळ येतो. मुलाकडे राहायला नव्या शहरात आलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला हा फरक किती मोलाचा असेल!

या गटातल्या रॉबिन डनबार यांनी त्यामागचं कारण माकडांपर्यंत नेलं आहे. माकडं एकमेकांच्या उवा काढत तासन्‌तास बसतात. त्या स्पर्शाने मेंदूत एंडॉर्फिन स्रवतात आणि नातं घट्ट होतं. पण उवा एका वेळी एकाच्याच काढता येतात. माणसांचे गट मोठे झाले, तेव्हा एकाच वेळी अनेकांना जोडणारं काहीतरी हवं होतं, आणि ते काम हसणं, नाचणं, गाणं यांनी केलं असावं, असं डनबार मांडतात. मेंदूतली एंडॉर्फिन थेट मोजणं अवघड असतं, म्हणून संशोधक एक साधी युक्ती करतात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून हवा भरत जायचं आणि माणूस कधी ‘पुरे’ म्हणतो ते पाहायचं. गाऊन आलेला माणूस जास्त वेळ कळ सोसतो. लंडनमध्ये लहान लहान गायकवृंद आणि ते सगळे एकत्र येऊन झालेला 232 जणांचा मोठा वृंद यांची अशी तुलना झाली. दोन्हीकडे जवळीक वाढली, पण मोठ्या वृंदात, जिथे बहुतेक जण परके होते, तिथे ती अधिक वाढली.

श्वासाचाही यात वाटा आहे. लांब ओळ म्हणायची तर सगळ्यांना एकाच जागी श्वास घ्यावा लागतो आणि तो सावकाश सोडावा लागतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. स्वीडनमधल्या गोटेबर्ग इथे ब्यॉर्न विकहॉफ यांनी 2013 साली तरुण गायकांवर प्रयोग करून दाखवलं की संथ गाणं एकत्र म्हणताना सगळ्यांच्या हृदयांच्या गतीचे चढउतार जुळू लागतात.

आणि सरावाला कार्यक्रमाची तारीख लागली की आणखी एक गोष्ट घडते, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. म्हाताऱ्या माणसाची सगळे काळजी घेतात. औषध घेतलं का, जेवलात का, चप्पल नीट घाला. तो सतत घेणारा होऊन बसतो. सरावात मात्र त्याची गरज असते. टाळ धरणाऱ्या आजी आल्या नाहीत तर ठेका सुटतो, मग फोन जातो, “अहो, या ना लवकर, तुमच्याशिवाय अडलंय.” हा फोन चौकशीचा नसतो. काम अडलंय म्हणून आलेला असतो, आणि आजी गुडघ्याला तेल चोळून, पदर खोचून जिना उतरतात.

जपानच्या ओकिनावा प्रांतातल्या कोहामा या चिमुकल्या बेटावरच्या आज्यांनी तर वयाचा हिशेबच उलटा मांडला. त्यांच्या ‘केबीजी 84’ या गाण्या-नाचण्याच्या गटात पूर्ण सभासद व्हायचं तर वयाची ऐंशी वर्षं पूर्ण लागतात. 2015 साली त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण आलं. ऐंशीच्या आतल्या बायकांना त्या गटात उमेदवारी करावी लागते.